गुलाबांच्या बागेतली साक्षीदार

आमच्या बिल्डिंगचं पाणी त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद राहणार होतं. कुठलातरी मुख्य पाइप बदलायचा होता, तशी नोटीस लिफ्टमध्ये आठवडाभर आधीच लागली होती. मी घरूनच काम करते. नळाला पाणी नसलेल्या घरात दिवसभर कसं बसायचं, हे मला सुचेना. नागपूरला असते तर ड्रम, बादल्या, पातेली भरून ठेवली असती. इथे कॉन्डोत एकच बादली, तीही फरशी पुसायची. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "एक दिवस सुट्टीच घे ना. तुझ्या किती सुट्ट्या नुसत्या पडून आहेत."

पडून होत्या हे खरं. सुट्टी घेऊन करायचं काय, हेच मला ठरवता येत नव्हतं. नवरा जाऊन दोन वर्षं होत आली होती. मुलगी मिसिसागाला, विमानाने पाच तासांवर राहते, तिची नोकरी, तिचे मित्रमैत्रिणी तिकडे. आठवड्यातून दोनदा फोन करते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं नीट चालतं. बाकी मी आणि शहराबाहेरच्या कोक्विटलाममधलं हे घर. कधीकधी शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करताना लक्षात येतं, की सोमवारच्या मीटिंगपर्यंत आता आपल्याला कोणाशी बोलायचं कारण नाही. मग शनिवारी मी ग्रोसरीला जाते आणि आपलं आपण बिल करायची मशीन मोकळी असली तरी माणूस असलेल्या काउंटरच्या रांगेत उभी राहते.

शहरात डाउनटाउनच्या टोकाशी, तीन बाजूंनी समुद्र असलेलं मोठं उद्यान आहे, तिकडे जायचं ठरवलं. तिथे मी कितीदा गेले असेन कोण जाणे. पण नेहमी पाहुण्यांबरोबर. भारतातून कोणी आलं, की दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना तिथे नेणार हे ठरलेलंच. नवरा गाईड. तो पुढे चालत सांगत सुटायचा, हे झाड किती जुनं, तो डोंगर कुठला, जहाजं कुठून येतात. "चला, चला, पुढे अजून खूप आहे," हे त्याचं पालुपद. मी मागून सगळ्यांची जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या आणि खाण्याची पिशवी सांभाळत यायची. घरी परतल्यावर पाय चेपत तो म्हणायचा, "आपण दोघंच एकदा सावकाश जाऊ." मी हो म्हणायची. घराजवळच तर होतं, कधीही जाता आलं असतं.

सकाळी पाणी जायच्या आत आंघोळ उरकली, तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, बरोबर लिंबाचं गोड लोणचं घेतलं. पुऱ्या नेहमीप्रमाणे जास्तच झाल्या. अजून माझ्या हाताला एकटीपुरतं पीठ भिजवणं जमत नाही. सगळ्या डब्यात भरल्या आणि स्काय ट्रेनने निघाले.

जून महिना होता. ऊन होतं, पण सावलीत गेलं की स्वेटर लागत होता. उद्यानाच्या अलीकडे टेनिस कोर्टांजवळ उंच झाडं आहेत, त्यांवर राखी बगळ्यांची वसाहत आहे. पाहुण्यांना घेऊन आम्ही तिथे कधी थांबलो नव्हतो, कारण खाली सगळी शीट पडलेली असते आणि वास येतो. त्या दिवशी थांबले. काटक्यांची मोठाली घरटी, प्रत्येकात दोनतीन लांब मानेची पिल्लं, आणि त्यांचा असा काही कलकलाट की जणू सगळ्यांना एकदमच भूक लागली होती. एक बगळा चोचीत काहीतरी घेऊन आला तशी त्या घरट्यातली पिल्लं त्याच्या अंगावरच धावली. "अरे, हळू, हळू," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. शेजारी दुर्बीण लावून उभ्या असलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी उगीचच फोन कानाला लावला.

दिवसातला माझा पहिला शब्द तोच होता.

तिथून तळ्याच्या काठाने चालत गेले. वाटेत हंसांच्या जोडीचा बोर्ड आहे, हंस मात्र दिसले नाहीत. बदकं होती. एका बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायले. समोरून बायका पोरांच्या गाड्या ढकलत जात होत्या, म्हातारे जोडीजोडीने जात होते, आणि जो तो जाताना मला "मॉर्निंग" म्हणत होता. इथे हे फार छान म्हणतात. पण तो शब्द हातात पडेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो. सावकाश बघायचं म्हणून आले होते, तर तासाभरातच माझी बघण्यासारखी अर्धी यादी संपली. एकटं माणूस फार भरभर बघतं. कोणाला दाखवायचं नसलं की झाडापुढे थांबायला तितका वेळ लागत नाही.

मग चढ चढून गुलाबांच्या बागेत आले. बाग भरात होती. ओळीने वाफे, मध्ये हिरवळ, एका बाजूला वेलीगुलाबांच्या कमानी. एक पिवळा गुलाब होता, त्याचा वास थेट आमच्या नागपूरच्या शेजारणीच्या अंगणातल्यासारखा. त्याच्याजवळच्या बाकावर बसले.

थोड्याच अंतरावर कमानीखाली चार माणसं उभी होती. एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ, पंचाहत्तरीचे असावेत, गडद निळा सूट घातलेले. त्यांच्या शेजारी ठेंगण्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेल्या बाई. अंगात फिकट हिरवा फ्रॉक, वर पांढरा स्वेटर, पायात पळायचे बूट. तिसरी माझ्या वयाची, ऑफिसला जाते तशा कपड्यांत, हाताची घडी घालून उभी. चौथीच्या हातात फाइल होती आणि ती सारखी घड्याळ बघत होती. ठेंगण्या बाई फोन कानाला लावायच्या, खाली घ्यायच्या, पुन्हा लावायच्या.

हाताची घडी घातलेली बाई माझ्याकडे चालत आली.

"माफ करा," ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही घाईत आहात का?"

सबंध बागेत माझ्याइतकं घाईत नसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. मी नाही म्हणाले.

"वीसेक मिनिटं देऊ शकाल? माझ्या वडिलांचं लग्न आहे. एक साक्षीदार कमी पडतोय." हे वाक्य बोलताना तिचं तिलाच हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

मी तिच्याबरोबर गेले. फाइलवाली बाई लग्न लावून देणारी सरकारी अधिकारी होती. तिने समजावून सांगितलं. दोन साक्षीदार लागतात. एक ही मुलगी. दुसरी वधूची मैत्रीण यायची होती, ती आलीच नाही, तिचा फोनही लागत नाही. "मला आणखी थांबायला आवडलं असतं," ती म्हणाली, "पण एक वाजता मला दुसरं लग्न आहे, पुलापलीकडे."

"ती कधीच उशीर करत नाही," वधू म्हणाली. तिने हे मला सांगितलं, मग नवऱ्यामुलाला, मग पुन्हा मला. "इतक्या वर्षांत एकदाही नाही. तिला काही झालं तर नसेल?"

"बस मिळाली नसेल," ते गृहस्थ म्हणाले. "येईल ती."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून होकार निघेना.

का, ते सांगायला हवं. त्याआधीच्या हिवाळ्यात मी पुतण्याच्या लग्नाला नागपूरला गेले होते. हळदीच्या वेळी सगळ्या बायका पाटाभोवती जमल्या, मीही पुढे झाले. तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाईंनी माझा हात धरला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तू बस गं आरामात. प्रवासाने थकलीस. उभं राहून पाय दुखतील." मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, सरबत आणून दिलं. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही. मी त्या खुर्चीत बसून सगळी हळद पाहिली. आम्ही नवराबायको असल्या गोष्टी मानणारे नव्हतो. घरात त्यावर हसायचो. पण त्या खुर्चीत बसल्यावर मला उठता आलं नाही. तेव्हापासून कोणाच्या लग्नकार्याचा विषय निघाला, की मी आपणहून मागच्या रांगेत जाऊन उभी राहते.

तेव्हा त्या कमानीखाली मी वधूला म्हणाले, "तुम्हाला आधी सांगायला हवं. मी विधवा आहे." हा शब्द इंग्रजीत मी आतापर्यंत फक्त बँकेत आणि सरकारी खिडकीवर उच्चारला होता.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढचं वाक्य यायचंय असं समजून थांबल्या होत्या. ते आलं नाही, तेव्हा त्यांनी माझं कोपर धरलं.

"मग तुम्हाला हे कसं करतात ते माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि मला कमानीखाली उभं केलं.

लग्न दहाएक मिनिटांत झालं असेल. सरकारी बाईने कायद्याची वाक्यं म्हटली, ती दोघांनी तिच्यामागून म्हटली. मग नवऱ्याने खिशातून स्वतः लिहिलेला कागद काढला. पहिलं वाक्य वाचलं आणि त्यांचा आवाजच गेला. कागद धरून नुसते उभे राहिले. त्यांच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. ते पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. वचनं मोठी नव्हती. तुझं ऐकू येत नसलं तर ऐकू आलंय असं सोंग आणणार नाही. तुझ्या पहिल्या घरच्या माणसांचे फोटो भिंतीवरून काढायला सांगणार नाही. सकाळचा चहा मी करेन. असंच काहीसं. वधूने काही लिहून आणलं नव्हतं. ती म्हणाली, "मी राहीन. जितकी राहू शकेन तितकी." बस, एवढंच.

अंगठी घालताना पंचाईत झाली. वधूच्या बोटांचे सांधे सुजलेले, अंगठी मधल्या पेरावर अडकली. नवरा हळूच फिरवून बघतोय, सरकारी बाई म्हणतेय, राहू दे, राहू दे. वधूने सरळ बोट तोंडात घातलं, ओलं केलं आणि अंगठी स्वतःच दाबून वर सारली. "झालं," म्हणाली. आम्ही सगळेच हसलो. नवऱ्याची मुलगीही. तिने चष्मा काढून पुसला, पण परत लावायला तिला जरा वेळ लागला.

मग सह्या. बाकावर फाइल ठेवून आधी त्या दोघांनी केल्या, मग मुलीने, मग मी. माझी सही मराठीत आहे. नागपूरच्या बँकेत पहिलं खातं उघडलं तेव्हापासून तीच आहे, इथेही बदलली नाही. सरकारी बाई वाकून बघायला लागली.

"ही तुमची नेहमीची सही?"

"हो."

"मग उत्तम."

"काय लिहिलंय ते वाचून दाखवा ना," वधू म्हणाली. मी बोट ठेवून दाखवलं. "हे माझं नाव. हे माझ्या नवऱ्याचं. हे आडनाव. आमच्याकडे बाईच्या नावाच्या मध्ये नवऱ्याचं नाव असतं."

"म्हणजे तेही साक्षीला आहेत," ती म्हणाली.

मी पेन परत दिलं.

फोटो निघाले. मी सवयीने कडेला पर्सा आणि स्वेटर सांभाळत उभी राहिले, तर वधूने मला हाताला धरून मध्ये ओढलं. त्यानंतर नवरदेव म्हणाले, "आम्ही जेवायला जातोय, चला ना. चौघांचं टेबल सांगितलंय, एक जागा आहेच."

ती जागा कोणाची होती ते सगळ्यांनाच माहीत होतं. ते बोलून गेले आणि बायकोकडे बघू लागले. मी आभार मानले, नको म्हणाले. त्यांना दुपारची फेरीबोट पकडून समोरच्या बेटावर त्या गृहस्थांच्या घरी जायचं होतं, म्हणून त्यांनीही फार आग्रह केला नाही. निघताना वधू मागे वळली.

"तुम्ही इथे थोडा वेळ आहात का? निळ्या हॅटमधली एक बाई दिसली, तर तिला सांगाल? आम्ही शक्य तेवढं थांबलो होतो म्हणून."

मी सांगेन म्हणाले. ती तिघं रस्त्याच्या दिशेने गेली. म्हातारबुवांनी बायकोचा हात धरला होता, मुलगी दोन पावलं मागून चालत होती. गाडीपाशी पोचल्यावर मुलीने पुढे होऊन त्या बाईंसाठी दार उघडलं, एवढं मला लांबून दिसलं.

बाग पुन्हा आधीसारखी झाली. कोणी पर्यटक त्याच कमानीखाली फोटो काढू लागले. मी माझ्या बाकावर परत येऊन बसले आणि मला फार विचित्र वाटू लागलं. दोन वर्षांत माझ्या बाबतीत सांगण्यासारखी ही पहिलीच गोष्ट घडली होती, आणि सांगायला कोणी नव्हतं. नागपूरला मध्यरात्र, बहीण झोपलेली. मुलगी ऑफिसात. तिला मेसेज टाकला, "आत्ता एका लग्नात साक्षीदार झाले." तिने एक आश्चर्याचा चेहरा पाठवला, खाली लिहिलं, "व्हॉट? इन मीटिंग. कॉल यू लेटर." फोन पिशवीत ठेवला. डबा उघडायचीही इच्छा झाली नाही. पण उठायचं नव्हतं. मला एक काम दिलेलं होतं.

निळी हॅट आली ती मी आशा सोडल्यानंतर. तळ्याकडच्या चढावरून एक बाई काठी टेकत येत होती. निळी रुंद काठाची हॅट, निळाच कोट, खांद्याला कापडी पिशवी. कमानीपर्यंत आली, इकडेतिकडे बघितलं, आणि मग कुठे बघावं हेच न कळल्यासारखी उभी राहिली. मी जवळ गेले.

"तुम्ही लग्नाला आलात का?"

तिने कानामागे हात धरला. मी मोठ्याने विचारलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं. त्या शक्य तेवढ्या थांबल्या होत्या. तुम्हाला सांगायला सांगितलंय."

तिला मी बाकापर्यंत आणलं, थर्मासमध्ये उरलेला चहा दिला. जरा स्थिरावल्यावर तिने सांगितलं. फोनवर मैत्रीण म्हणाली होती रोझ गार्डन, तिला ऐकू आलं रोडो गार्डन. तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला ऱ्होडोडेंड्रॉन नावाच्या फुलझाडांची बाग आहे, तिला इथले लोक रोडो गार्डन म्हणतात. ही बिचारी ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी तिथे पोचून बसली होती. तिथला बहर कधीच संपलेला, सगळी फुलं खाली पडून वाळलेली. "मला वाटलं, लग्नासाठी ही कसली जागा निवडली," ती म्हणाली. "पण तिच्या डोक्यात कधी काय येईल सांगता येत नाही, म्हणून बसून राहिले." फोन होता, पण त्याची बॅटरी सकाळीच गेली होती. शेवटी कोणीतरी माळी भेटला, त्याने गुलाबांच्या बागेत लग्नं होतात म्हणून सांगितलं, तेव्हा ती तळ्याला वळसा घालून चालत निघाली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वाटेत किती वेळा बसली कोण जाणे.

"मग सही कोणी केली?" तिने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, ही आता रागावेल. तिने पिशवीतून एक पेन काढलं, जुनं, काळं, टोपण असलेलं. "मी माझं पेन आणलं होतं," म्हणाली. "त्यांच्याकडचं चालेल न चालेल." आणि ते पेन हातात धरून ती रडायला लागली, आवाज न करता.

आपली भाषा असती तर पाठीवरून हात फिरवत काहीबाही बोलले असते. इंग्रजीत माझ्याकडे मीटिंगमधले शब्द आहेत, डॉक्टरकडचे आहेत, हे नाहीत. शेवटी तिनेच नाक पुसलं आणि म्हणाली, "सांगा. सगळं सांगा. तिने काय घातलं होतं?"

मी सांगायला लागले. हिरवा फ्रॉक, पांढरा स्वेटर. "हिरवा?" ती म्हणाली. "आम्ही निळा ठरवला होता!" पळायचे बूट सांगितले, त्यावर तिने कपाळावर हात मारला. नवरदेवांचा आवाज कसा गेला ते सांगितलं. मुलीने पाणी दिलं ते सांगितलं, तेव्हा तिने मला थांबवलं. "मुलीने? स्वतःहून?" मी हो म्हणाले. "बरं झालं," ती म्हणाली, "ती येणार की नाही याचीच आम्हाला धास्ती होती." मग अंगठीचं सांगितलं. नुसतं सांगून तिला कळेना, म्हणून मी उभी राहिले, माझं बोट तोंडात घातलं आणि अंगठी सारल्याचं करून दाखवलं. ती इतकी हसली की हॅट सरकली. हसताहसता पुन्हा रडली. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. इतकं सलग मी इंग्रजीतच काय, मराठीतही कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. घसा कोरडा पडला.

बोलताना मीच डबा उघडला. तिने पुरीचा वास घेतला, विचारलं काय आहे, आणि लोणच्याला लावून एकामागून एक तीन खाल्ल्या. लोणच्याने तिचे डोळे बारीक झाले, पण ती थांबली नाही. त्या दोघी एका शाळेच्या स्वयंपाकघरात बरोबर काम करायच्या, असं तिने सांगितलं. दोघींचे नवरे एकाच वर्षात वारले. तेव्हापासून दर रविवारी एकत्र जेवायच्या. "आता ती बेटावर राहील," एवढंच म्हणाली आणि पुरीचा तुकडा मोडत बसली. मी डबा तिच्याकडे सरकवला. आता तिचा रविवार कसा जाईल, ते मला न सांगताच कळलं होतं.

माझा फोन तिला दिला. मोबाइल नंबर तिला पाठ नव्हते, मैत्रीण अधूनमधून जाऊन राहायची त्या बेटावरच्या घरचा जुना नंबर तेवढा पाठ होता. तिथे अर्थातच कोणी उचलला नाही. मशीनवर तिने निरोप ठेवला, मोठ्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द सुटा. मी सुखरूप आहे. मी दुसऱ्या बागेत बसले होते. मला सगळं कळलंय. बुटांबद्दल आपण नंतर बोलू.

तिला बसपर्यंत सोडलं. बस सुटायला वेळ होता तोवर ड्रायव्हरने तिला आत बसू दिलं. चढताना ती म्हणाली, "चहाला भेटू एकदा." मीही म्हणाले, भेटू. दार लागलं, बस वळून गेली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ना मी तिचा पत्ता विचारला, ना तिने माझा.

पुढे मी समुद्राकाठच्या वाटेने चालत राहिले. ओहोटी होती. खडकांवर शेवाळ उघडं पडलं होतं, सायकली घंटी वाजवत बाजूने जात होत्या. पश्चिमेकडच्या वाळूवर मोठे ओंडके आडवे टाकलेले आहेत, त्यातल्या एकाला टेकून बसले. तिथेच मुलीचा फोन आला.

"आई, व्हॉट वेडिंग? हू आर दीज पीपल?"

मी दिवसात दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, या वेळी मराठीत. पण ते तितकं रंगलं नाही. बहुतेक मी थकले होते. ती मध्येच म्हणाली, "डिड यू रीड व्हॉट यू साइन्ड?" मी म्हणाले, वाचलं गं. "बाबा असते ना," ती चक्क मराठीत म्हणाली, "तर जेवायलाही गेले असते."

"गेलाच असता," मी म्हणाले. "आणि बिलही त्यानेच दिलं असतं."

ती हसली. तिला घरी जायची ट्रेन पकडायची होती. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथे बसून राहिले. इथे जूनमध्ये उजेड संपता संपत नाही, त्यामुळे घरी कधी जायचं ते आपलं आपणच ठरवावं लागतं. माझ्यासमोर एक कुटुंब चादर पसरून बसलं होतं, बहुधा पंजाबी. त्यांनी मला हात करून काहीतरी खायला देऊ केलं. मी हात जोडून नको म्हणाले. मग वाटलं, घ्यायला हवं होतं. तोवर त्यांनी डबे बंद केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. उचलला, तर पलीकडून "अगं, तू कुठल्या बागेत बसली होतीस?" असं काहीसं इंग्रजीत ओरडणं. ती वधू होती. आदल्या दिवशीचा निरोप याच नंबरवरून आल्याने तिला वाटलं, हा मैत्रिणीचाच नवा नंबर. मी कोण ते सांगितल्यावर आधी गोंधळली, मग हसली, मग तिने मला मनापासून धन्यवाद दिले. त्यानंतर म्हणाली, "तुम्हाला वेळ असला तर एक विचारू? मला कालचं धड काहीच आठवत नाहीये. मी इतकी घाबरले होते. जरा सांगाल का कसं झालं?"

लॅपटॉपवर माझी मीटिंग सुरू होत होती. मी म्हणाले, वेळ आहे. खिडकीशी उभी राहून मी तिला तिचंच लग्न सांगितलं. मागून कपबशांचा आवाज येत होता, आणि ते गृहस्थ लांबून काहीतरी विचारत होते, चहात साखर किती घालू, असंच काही. त्या घरात दोन माणसं होती, हे आवाजांवरून कळत होतं. ती म्हणाली, "कधी बेटावर आलात, तर आमच्याकडे या. खरंच या." मी म्हणाले, येईन.

नंबर मी ठेवून दिला आहे. नाव माहीत असूनही तो मी "गुलाबाची बाग" म्हणून सेव्ह केलाय. मैत्रिणीचा नंबरही तिच्याकडून मागून घेता आला असता, पण तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर एवढ्यासाठी फोन करणं बरं दिसेना. मध्यंतरी एका रविवारी फेरीबोटीचं वेळापत्रक बघून ठेवलं. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचता येतं. अजून गेलेले नाही.